शिक्का सगळ्यात शेवटी वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आत्याच्या कपाटात एक बशी आणि दोन कप सापडले. एक कप नेहमीच्या घाटाचा, दुसरा सरळसोट, नळकांड्यासारखा. दोन्हींना कान आहेत. पिवळी जमीन, सोन्याच्या रेघेची चौकट आणि आत नदी, कडा, झाडी. बुडाला मुकुट, त्याखाली फुली, फुलीच्या दोन्ही अंगांना ठिपके, खाली इंग्रजी डी, आणि हाताने लिहिलेलं ‘मॅटलॉकजवळ, डर्बीशायर’. भाऊ म्हणतो हे छापील आहे. दुसरी बशी फुटली असेल का, वस्तू किती जुनी, खरी की नक्कल, आतला चहाचा डाग कशाने काढायचा, लंडनला नेऊन विकता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

जुनी चिनी मातीची भांडी तपासणं आणि सांधणं हे माझं २७ वर्षांचं काम आहे. तुमच्या फोटोंवरून जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, आणि उरलेलं तुम्हाला घरीच कसं तपासता येईल ते सांगते.

दुसऱ्या बशीची हळहळ आधी मनातून काढून टाका. ती बहुधा कधी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये चहाचा सेट विकत घेतला की त्यात १२ चहाचे कप, १२ कॉफीचे कप आणि बशा मात्र १२ च येत. चहा आणि कॉफी एकाच वेळी कोणी पीत नाही, मग बशी एकच पुरे, असा सरळ हिशेब. सोबत किटली, तिच्याखालची थाळी, साखरेचं झाकणाचं भांडं, दुधाचा छोटा जग, कपातला गाळ टाकायचा वाडगा आणि ब्रेड-लोण्याच्या दोन मोठ्या थाळ्या. तुमचा नळकांड्यासारखा कप हा कॉफीचा. दोन कप आणि एक बशी हा पूर्ण संच आहे, आणि तो इतक्या वर्षांनी एकत्र राहिलाय ही मोठी गोष्ट आहे. बाजारात कप एका दुकानात आणि बशी दुसऱ्या देशात, असंच जास्त आढळतं.

आता ती बशी हातात घ्या. ती खोलगट आहे आणि मधोमध कप बसवायची खाच नाही, हे फोटोत स्पष्ट दिसतंय. ती खाच पुढे आली. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये गरम चहा बशीत ओतून पिणं अगदी रीतसर होतं. आपल्याकडे आजोबा ओसरीवर बसून बशीला ओठ लावून भुरका मारत, तेच. नंतर तिकडच्या शिष्टाचारात ते गावंढळ ठरलं, आपण मात्र कपबशी हा शब्द आणि ती सवय दोन्ही जपली. म्हणून अशी बशी आपल्या हाताला ओळखीची वाटते.

चहाबद्दल एक तारीख लक्षात ठेवा: १७८४. त्या वर्षी ब्रिटनचा पंतप्रधान धाकटा विल्यम पिट याच्या सरकारने चहावरची जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली. चहा एकदम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पुढे १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चीनहून चिनी मातीची भांडी घाऊक आणणं थांबवलं. गिऱ्हाईक वाढलं आणि आयात आटली, ती पोकळी डर्बी, वूस्टर, कॉफली, न्यू हॉल अशा इंग्रजी कारखान्यांनी भरली. तुमचा संच त्याच काळातला दिसतो.

पण हे मी शिक्क्यावरून म्हणत नाही, आणि तुम्हालाही तीच विनंती आहे. मुकुट, फुली आणि डी हा डर्बीचा शिक्का खरा, पण शिक्का ही भांड्यावरची सगळ्यात सोपी नक्कल असते. चार फटकारे मारले की झालं. माती, घाट आणि चित्रकाराचा हात यांची नक्कल फार कठीण. म्हणून मी शिकाऊ मुलांना भांडं देते ते बुडाला कागद चिकटवून. माती बघा, घाट बघा, चित्र बघा, आणि मग कागद काढा.

मातीपासून सुरुवात करू. चिनी आणि जर्मन पोर्सिलेन केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचं, फार चढ्या आचेवर भाजलेलं, काचेसारखं थंड आणि कडक. इंग्रजांना सुरुवातीला ती माती आणि ती कृती साधली नाही. विल्यम कुकवर्दीने १७६८ मध्ये प्लिमथला तसं पोर्सिलेन केलं, पण बाकीच्यांनी आपापल्या युक्त्या शोधल्या. वूस्टरने १७५१ पासून शंखजिऱ्याचा दगड वापरला, त्यामुळे त्यांची किटली उकळतं पाणी सोसायची. डर्बीच्या आणि लंडनच्या चेल्सी कारखान्याच्या सुरुवातीच्या काचमिश्रित मातीला ते सोसत नसे, किटलीला तडा जायचा. डर्बीने १७७० च्या सुमाराला मातीत गुराढोरांच्या हाडांची राख मिसळायला सुरुवात केली. त्यानंतर जोसाया स्पोड या इंग्रज कारखानदाराने निम्मी हाडांची राख, पाव हिस्सा केओलिन आणि पाव हिस्सा कॉर्नवॉलचा दगड हे प्रमाण बसवलं. ‘बोन चायना’ म्हणतात ते हेच.

तुमच्या घरी करण्यासारखी परीक्षा अशी. रात्री दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च कपाच्या आत धरा. डर्बीच्या या काळातल्या मातीतून उजेड मऊ येतो, लोण्याच्या रंगाकडे झुकणारा, आणि कधीकधी मातीतले छोटे उजळ ठिपके दिसतात. करकरीत थंड, निळसर पांढरा उजेड आला आणि बुडाचं कडं खरखरीत, राखाडी असलं तर शंका घ्या. पॅरिसच्या सॅम्सन कारखान्याने एकोणिसाव्या शतकात इंग्रजी भांड्यांच्या पुष्कळ नकला केल्या, पण त्या कडक मातीच्या. शिक्का अगदी हुबेहूब, आणि माती मात्र लगेच चुगली करते.

झिलई, म्हणजे मातीवरचा काचेसारखा चकचकीत थर, तीही बघा. जुन्या डर्बीची झिलई शिशाची, मऊ. बशीच्या मध्यभागी चमच्याचे बारीक ओरखडे असतील, सगळ्या दिशांना, एकमेकांवर चढलेले. बुडाच्या कड्यावर झीज असेल, पण ती फक्त टेबलाला टेकणाऱ्या भागावर. सॅंडपेपरने केलेली झीज सगळीकडे सारखी असते. सोन्याचंही तसंच. ओठ जिथे टेकतात तिथे कपाच्या काठाचं सोनं जास्त गेलेलं असतं, आणि कानाच्या वर अंगठा टेकतो तिथे. तुमच्या कपावर नेमकी तशीच झीज आहे. मला तो फोटो बघून बरं वाटलं.

आता भावाच्या शंकेकडे वळू, कारण ती योग्य आहे. चिनी मातीवर छपाई फार लवकर सुरू झाली. लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी १७५६ मध्येच हजाराहून जास्त फरशा काही तासांत छापून दाखवल्या होत्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो भांड्यावर उमटवायचा. १८०० नंतर आणखी बारीक पद्धत आली: कागदाऐवजी सरसाची लवचिक वडी. ती वाटोळ्या भागावर नीट बसते, आणि तिच्यातून येणारं चित्र रेघांऐवजी ठिपक्यांचं असतं. न्यू हॉल, स्पोड, मिंटन यांच्या कपांवर अशी काळी-करडी निसर्गदृश्यं पुष्कळ आहेत, आणि नुसत्या डोळ्याला ती हाताने काढलेल्या शाईच्या चित्रासारखी वाटतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या निळ्या थाळ्या, इटलीतले पडके वाडे किंवा पूल-आणि-झाड असलेल्या, त्या जवळजवळ सगळ्या छापील. स्पोडचा इटलीचा निळा नमुना १८१६ चा, आणि तो पोर्सिलेनवर नाही, साध्या पांढऱ्या मातीवर आहे. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी काढलेल्या भारतातल्या दृश्यांवरूनही तिकडे निळ्या थाळ्या छापल्या गेल्या. त्या थाळ्या मला अतिशय आवडतात, पण ती गोष्ट वेगळी.

दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या. मी तुमच्या कॉफीच्या कपाचा सगळ्यात स्पष्ट फोटो पडद्यावर मोठा करून बघितला. डावीकडचं मोठं झाड बघा. पानं वेगवेगळी काढलेली नाहीत. ब्रशचं टोक टेकवलंय, थोडं दाबलंय, उचललंय, आणि प्रत्येक ठिपक्याची एक कड गडद आणि दुसरी फिकट झाली आहे, कारण रंग वाळताना एका बाजूला सरकला. छपाईत असं होत नाही, तिथे रंगाचा थर सपाट असतो. नदीचं पाणी बघा: मधला पांढरा पट्टा रंगवलेलाच नाही, तिथे झिलई तशीच मोकळी सोडली आहे, आणि त्यावर दोन आडव्या करड्या रेघा. काठावर दोन माणसं आहेत. एकाच्या अंगावर तांबड्या रंगाचा एक टिपका, बस्स, तेवढाच त्याचा कोट. तो टिपका भिंगाखाली जरासा उंच दिसेल. बोटाच्या नखाने नव्हे, बोटाच्या मऊ भागाने हलकेच फिरवून बघा, तो जाणवेल. मग बशीवरचं दृश्य शेजारी ठेवा. कडा तोच, पण झाड वेगळ्या जागी, माणसं तीन. एकाच तांब्याच्या पत्र्यावरून हे होणार नाही. भावाला सांगा, हे हाताने रंगवलेलं आहे.

हे रंगवणं किती जिकिरीचं होतं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रंग म्हणजे धातूंची भस्मं आणि शिशाची काच यांची पूड, टर्पेंटाइन आणि दाट तेलात घोटलेली. हिरवा तांब्यापासून, निळा कोबाल्टपासून, तांबडा आणि तपकिरी लोखंडापासून, गुलाबी-जांभळा चक्क सोन्यापासून. ब्रशवरचा रंग आणि भट्टीतून निघालेला रंग एक नसतो. चित्रकाराला भाजल्यावर काय होईल ते मनात धरून रंगवावं लागतं. झिलई झालेल्या भांड्यावर रंगवून ते छोट्या बंद भट्टीत साधारण ७०० ते ८०० अंशांवर भाजतात. आकाश आणि दूरचे डोंगर आधी, एक भाजणी. मग पुढची झाडी, दुसरी भाजणी. सोनं अगदी शेवटी, आणि त्याला झळाळी अकीक किंवा तशाच कडक दगडाने घासून. प्रत्येक भाजणीला भांडं वाकडं होण्याची, तडकण्याची किंवा रंग करपण्याची भीती. एवढं करून हे गिऱ्हाइकाच्या टेबलावर गेलं ते चहा पिण्यासाठी.

डर्बीच्या निसर्गचित्रांत पहिलं नाव झकरायाह बोरमन. हा चेल्सीत शिकलेला, १७८३ मध्ये डर्बीला आला आणि १७९४ मध्ये लंडनला परत गेला. त्याची रीत तेव्हाच्या जलरंगांसारखी होती: आधी सगळं चित्र करड्या छटेत बसवायचं, उजेड-सावली पक्की करायची, आणि मग वरून रंगाचे पातळ हात द्यायचे. म्हणून त्याची दृश्यं शांत, थोडी धुकट दिसतात. त्याच्यानंतर जॉकी हिल या नावाने ओळखला जाणारा थॉमस हिल, ब्रूअर बंधू, आणि जॉर्ज रॉबर्टसन, ज्याच्या झाडांवर शरदातला तपकिरी रंग असतो आणि जो जहाजंही उत्तम काढी. यांच्यापैकी कोणी भांड्यावर सही करत नसे, तशी पद्धतच नव्हती. त्यामुळे तुमच्या कपावर नदीकाठच्या झाडीखाली करडी छटा दिसते म्हणून मी ‘बोरमनच्या वळणाचं’ एवढंच म्हणेन. कोणी दुकानदार छातीठोकपणे ‘बोरमनच’ म्हणाला तर कशावरून, असं विचारा.

मॅटलॉक हे डरवेंट नदीच्या खोऱ्यातलं गाव, चुनखडीच्या उंच कड्यांसाठी आणि कोमट पाण्याच्या झऱ्यांसाठी तेव्हा प्रसिद्ध होतं. लोक मुद्दाम ते दृश्य बघायला जायचे, म्हणून बुडाला जागेचं नाव लिहायची पद्धत. त्याच खोऱ्यात, थोडं खाली, क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइट या उद्योजकाने १७७१ मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. आपल्या गिरणगावाची पणजीच म्हणा.

या सगळ्यानंतर आता भांडं उलटं करा. मुकुट, बारीक दांड्यांची फुली, दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके आणि डी. हा शिक्का डर्बीत साधारण १७८२ पासून वापरात आला. १८०० च्या आसपासपर्यंत तो जांभळट, निळा किंवा तत्सम रंगात असे, आणि काळजीने काढलेला. त्यानंतर १८२५ च्या सुमारापर्यंत तो तांबडा, आणि पुढेपुढे घाईघाईने ओढलेला. १८११ मध्ये कारखाना रॉबर्ट ब्लोरकडे गेला, १८४८ मध्ये बंद पडला. तुमचा शिक्का जांभळट आहे आणि ठिपके नीट मोजता येतात. माती, घाट, चित्र यांनी आधीच सांगितलेल्या काळाशी तो जुळतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. १७९० च्या दशकाच्या आसपासचा संच, असं मी लिहून देईन.

फुलीच्या दांड्यांऐवजी मुठी असलेल्या तलवारी असत्या आणि बाजूला एस आणि एच ही अक्षरं असती, तर तो डर्बीतल्याच किंग स्ट्रीटवरचा नंतरचा छोटा कारखाना. ‘इंग्लंड’ हा शब्द असता तर १८९१ नंतरचं. तुमच्या मामेबहिणीकडे डोंगराळ गाईंचं चित्र आणि ‘स्टिंटन’ सही असलेला कप आहे असं तुम्ही लिहिलंय. तो रॉयल वूस्टरचा, आणि तिथे सहीची परवानगी विसाव्या शतकात सुरू झाली. जॉन स्टिंटन आणि त्याचा मुलगा हॅरी, दोघेही याच गाई काढत, म्हणून आद्याक्षर नीट वाचा. वर्ष काढणं सोपं आहे. शिक्क्याभोवतीचे ठिपके मोजायचे: १८९२ ला एक, मग दरवर्षी एक वाढत १९१५ ला २४.

आता डाग, आणि इथे मी कळकळीने सांगते. चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, भांडी घासायची कुठलीही पावडर नको. तांब्याचा तांब्या चिंचेने लखलखतो म्हणून आपला हात तिकडे जातो, पण हे रंग शिशाच्या काचेचे आहेत आणि आंबट पदार्थ त्यांना खातो. हिरवा आणि निळा आधी निस्तेज होतात, आणि ते परत येत नाहीत. ब्लीच तर त्याहून वाईट. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक निसर्गचित्राची बशी आली होती. बारीक तडा काळा पडला होता म्हणून घरच्यांनी ती रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवली. दिसायला पांढरीशुभ्र झाली. दोन महिन्यांनी तड्याच्या कडेने झिलईचे पापुद्रे उठले, कारण ब्लीचमधले क्षार मातीत शिरले आणि आतून फुलले. पापुद्र्याबरोबर आकाशाचा अर्धा भाग गेला. मी क्षार काढू शकले, आकाश नाही.

धुवायचंच असेल तर प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घाला, कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, एका वेळी एकच नग, अंगठ्या-बांगड्या काढून. कानाला धरून उचलू नका. जुनी डागडुजी असेल, डिंकाची किंवा तारेच्या टाक्यांची, तर पाण्यात बुडवूच नका. तारेचे टाके असले तर काढू नका, तेही त्या भांड्याच्या आयुष्यातलंच आहे. पुसायला जुनं मऊ धोतर किंवा मलमल, सोन्यावर न घासता टिपून. ठेवताना बशीवर काही चढवत असाल तर मध्ये सुती कापड, वर्तमानपत्र नाही. बशी भिंतीवर टांगायची स्प्रिंगच्या तारेची अडकवणं शोभतात, पण काठाला टवके पाडतात. आणि चहाचा तो फिकट डाग खरं तर तसाच राहू दे.

यातून चहा प्यायचा मोह होईल. नका पिऊ. झिलईत आणि रंगांत शिसं आहे, आणि आपला दूध-साखर-आलं घालून उकळलेला चहा गाळताना जेवढा कढत असतो तेवढं एवढ्या जुन्या मातीला सोसेलच असं नाही.

लंडनला नेण्याबद्दल: १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयात चौकशी करा. इथे विकायचं ठरवलंत तर तिन्ही नग एकत्र विका. बशीवर केसाएवढा तडा आहे का ते आधी बघून घ्या: बशी तीन बोटांच्या टोकांवर तोला, नखाने काठाला टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, आणि किमतीत त्याचा मोठा फरक पडतो. पणजोबांना महाबळेश्वरच्या साहेबाने हा संच दिला ही घरातली गोष्ट भांड्यावरून सिद्ध होणार नाही, पण ती आत्याकडून ऐकली तशी, तारीख घालून, कागदावर लिहा आणि कपाटात ठेवा. भांड्याला चिकटपट्टीने लावू नका.

एक काम राहिलं. बुडाच्या कड्याची आतली बाजू भिंगाने बघा. डर्बीत सोनं आणि किनारी करणाऱ्या कारागिरांना आकडे दिलेले होते, आणि ते आपला आकडा तिथे बारीक लिहीत. सुरुवातीच्या यादीत १ म्हणजे थॉमस सोअर, ७ म्हणजे विल्यम बिलिंग्जली, जो पुढे गुलाबांसाठी गाजला आणि डर्बी सोडून पिंक्स्टनच्या कारखान्यात गेला. तुमच्या फोटोत तिथे एक जांभळट खूण दिसते, पण सावलीमुळे वाचता येत नाही. सकाळी खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, तेवढ्याच जागेचा फोटो काढून पाठवा.